सहा वर्षं ट्रॅमाडॉल चालू आहे, आता धडधड होते : हृदय खराब झालं का, गोळी आजच बंद करावी का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पुण्यात नोकरीला, आई यावल तालुक्यात गावी. आईचं वय ६४, वजन ७८ किलो. गुडघे आणि कंबर दुखते म्हणून सहा वर्षं ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. महिनाभरापासून छातीत धडधड होते. एकदा ओट्यावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. जळगावला ईसीजी काढला, त्यावर मशीनने ‘क्यूटीसी ४७८’ छापलं. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला. एका नातेवाइकाने सांगितलं, ‘ही अफूच्या जातीची गोळी आहे, हृदय पोखरते, आजच फेकून द्या.’ मुलाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत : हृदय खरंच खराब झालं का, गोळी लगेच बंद करू का, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आई अमळनेरकडे माहेरी जाते, या उन्हात तिला पाठवू का?

सोबत त्यांनी आईच्या सगळ्या गोळ्यांचा आणि ईसीजीच्या कागदाचा फोटो जोडला आहे. हे फार बरं केलं. माझं निम्मं उत्तर त्या दोन फोटोंतच आहे.

पण आधी एक गोष्ट, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. गोळी आज बंद करू नका. उद्याही नाही. का ते पुढे सांगतो.

मी फिजिशियन आहे. खानदेशातल्या तालुक्याच्या गावी पंचवीसएक वर्षं ओपीडी करतो. आमच्याकडे दुखण्याच्या गोळीवर जगणारी माणसं पुष्कळ. केळीचे घड डोक्या-खांद्यावरून वाहणारे मजूर, कापूस वेचून कंबर धरलेल्या बायका, मणक्याचं ऑपरेशन टाळत आलेले निवृत्त लोक. पारोळ्याच्या एक आजी दर वेळी तेच सांगायच्या, ‘गोयी लिधी का मंग बरं वाटस, डॉक्टर.’ बरं वाटतं हे खरंच असतं, त्यात खोटं काही नाही. म्हणून गोळी घेणाऱ्याला रागावून काही साधत नाही, हे मी उशिरा शिकलो.

आता मुद्द्याचं. ‘ही गोळी हृदय खराब करते का’ हा प्रश्न असा सरळ विचारला तर त्याला सरळ उत्तर नाही. दारू पिऊन पिऊन हृदयाचा स्नायू सैल पडतो, तसा ट्रॅमाडॉलने किंवा मॉर्फिनने पडत नाही. तुमच्या आईचा इको नॉर्मल आला याचं मला आश्चर्य वाटलं नाही. पण त्यावरून ‘सगळं ठीक आहे’ असंही म्हणता येत नाही. इकोत पंप दिसतो, झडपा दिसतात. वायरिंग दिसत नाही. विहिरीवरची मोटार उत्तम असते, स्टार्टर मात्र मध्येच ट्रिप होतो, तसं. अफूवर्गी औषधं, म्हणजे अफूसारखा अंमल करणारी दुखण्याची औषधं, ट्रॅमाडॉल त्यांतलंच, हृदयाला त्रास देतात ते बहुतेक वेळा वायरिंगमधून, बीपीतून आणि झोपेतल्या श्वासातून. आणि हा त्रास ही गोळी एकटी क्वचित करते. तिच्यासोबत पोटात आणखी काय जातं, यावर बरंच ठरतं.

ईसीजीच्या कागदापासून सुरुवात करतो, कारण घाबरगुंडी त्यानेच उडवली आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचा खालचा कप्पा पुन्हा ‘चार्ज’ व्हायला जो वेळ घेतो तो क्यूटी अंतरात मोजला जातो. पेशीतून पोटॅशियम बाहेर जाण्याची एक वाट असते. काही औषधं ती वाट अडवतात, मग चार्जिंग लांबतं. फारच लांबलं तर पुढचा ठोका चुकीच्या क्षणी पडतो आणि हृदय काही सेकंद नुसतं थरथरत राहतं. माणूस कोसळतो. कधी आपोआप सावरतो, कधी सावरत नाही. मेथाडोन या अफूवर्गी औषधाबद्दल ही भीती सगळ्यात जास्त आहे. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन नावाची एक जुनी गोळी याच कारणाने अमेरिकेत २०१० मध्ये बाजारातून गेली, आणि २०१३ मध्ये आपल्या सरकारनेही तिच्यावर बंदी घातली. ट्रॅमाडॉल त्या मानाने सौम्य. नेहमीच्या डोसला क्यूटी थोडासाच हलतो, डोस जास्त झाला किंवा किडनी मंद असली तर जास्त हलतो.

तुमच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात तीन आकडे दिसतात : ठोके ९५, क्यूटी ३८०, क्यूटीसी ४७८. म्हणजे मोजलेलं अंतर ३८० मिलिसेकंद आहे. त्या कागदावर साडेनऊ बारीक चौकोन. ४७८ हा मोजलेला आकडा नाही, तो हिशेब आहे. ठोके जलद असले की क्यूटी आपोआप आखूड होतो, म्हणून मशीन तो ६० ठोक्यांच्या मापात बसवून दाखवतं. बहुतेक मशीनं त्यासाठी बॅझेटचं सूत्र वापरतात. ते १९२० सालचं आहे आणि ठोके जलद असले की आकडा फुगवतं. त्याच साली फ्रिडेरिशियाने दुसरं सूत्र दिलं, त्याने हिशेब केला तर तुमच्या आईचा क्यूटीसी ४४३ च्या आसपास येतो. बायकांमध्ये साधारण ४६० पर्यंत आम्ही नॉर्मल धरतो आणि ५०० च्या पुढे गेला की खुर्चीतून उठतो. मग हा ईसीजी घाबरण्यासारखा आहे का? मला तरी वाटत नाही. पण एवढ्यावर सोडूनही देऊ नका. पंधरा मिनिटं शांत झोपवून, दम खाऊन झाल्यावर पुन्हा एक ईसीजी काढा आणि डॉक्टरांना हाताने मोजायला सांगा. जिना चढून आलेल्या बाईला लगेच टेबलावर घेऊन काढलेल्या ईसीजीवर आयुष्यभराचे निर्णय घेऊ नयेत.

खरी उत्सुकता मला वेगळ्याच आकड्याची आहे. ठोके ९५ का? त्याकडे नंतर वळतो.

दुसरा फोटो. गोळ्यांचा. माझ्या ओपीडीत एक नियम आहे, पेशंटने पिशवी आणायची आणि टेबलावर उपडी करायची. फाइल नको, पिशवी. फाइलमध्ये लिहिलेलं आणि पोटात जाणारं यांत नेहमी फरक असतो. तुमच्या फोटोत मला दिसतंय ते असं : टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड, शुगरची मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड, एस्सिटालोप्राम-क्लोनाझेपाम, पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोन, आणि ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉल. पाच पट्ट्या, पण आत दहा औषधं. आपल्याकडे जोडगोळ्यांची ही मोठी पंचाईत आहे. पेशंटला वाटतं आपण पाचच घेतो.

यातली सगळ्यात निरागस वाटणारी आधी घ्या, पोटासाठी सकाळी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल. तिच्यातलं डॉम्पेरिडोन क्यूटी लांबवतं. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१४ मध्ये सांगितलं की ते कमी डोसमध्ये, फक्त मळमळ-उलटीसाठी आणि साधारण आठवडाभरच द्यावं. आपल्याकडे लोक ते ‘गॅसची गोळी’ म्हणून पाच-पाच वर्षं घेतात. त्यातलं पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं तर काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं, आणि मॅग्नेशियम उतरलं की क्यूटी आणखी लांबतो. झोपेची आणि घाबरण्याची म्हणून जी गोळी रात्री घेतात, तिच्यातलं एस्सिटालोप्रामही क्यूटी लांबवणारं. वय पासष्टीच्या पुढे असेल तर दहा मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये म्हणतात. बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पोटॅशियम घालवतं. क्रेडिबलमेड्स या अमेरिकी संस्थेच्या यादीत डॉम्पेरिडोन आणि एस्सिटालोप्राम ‘धोका माहीत आहे’ या रकान्यात आहेत, ट्रॅमाडॉल ‘धोका शक्य आहे’ या खालच्या रकान्यात. नातेवाइकांनी आरोपी धरला तो रांगेतला शेवटचा.

म्हणून तुमच्या डॉक्टरांशी बोलताना क्रम असा ठेवा असं मी म्हणेन. डॉम्पेरिडोन आधी काढा, ते गेल्याने आईचं काही अडणार नाही. पोटासाठी काही लागलंच तर नुसतं पँटोप्राझोल, तेही खरंच लागतं का ते पाहून. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन तपासा. क्रिएटिनिन मुद्दाम सांगतोय. शुगर असलेल्या बाईची किडनी मंद असली तर ट्रॅमाडॉल अंगात साचतं आणि तीन गोळ्या पाच गोळ्यांसारख्या वागतात.

इथे एक आमच्याकडचं सांगतो. पोटॅशियम कमी आहे म्हटलं की केळीच्या पट्ट्यातली माणसं हसतात. ‘घरात घड टांगलाय, डॉक्टर!’ पण मनाने दिवसाला सहा केळी किंवा पोटॅशियमचं सिरप सुरू करू नका. टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवतं, हायड्रोक्लोरोथायझाइड घालवतं. दोघांच्या ओढाताणीत तुमच्या आईचा आकडा कुठे आहे हे रिपोर्टशिवाय ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. वाढलेलं पोटॅशियमही हृदय थांबवू शकतं.

हे सगळं एकत्र आलं तर काय होतं ते मी पाहिलं आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, भुसावळचे. मे महिना, पारा ४५ ला टेकलेला. कंबरेसाठी ट्रॅमाडॉल जुनंच चालू, पायावर सूज म्हणून लघवीची गोळी. जुलाब लागले. एकाने ॲझिथ्रोमायसिन दिलं, उलटी होते म्हणून दुसऱ्याने ओंडानसेट्रॉन. दोन्ही क्यूटी लांबवणारीच. तिसऱ्या दिवशी पहाटे मोरीत कोसळले. आणलं तेव्हा शुद्धीवर होते, क्यूटीसी ५३०, पोटॅशियम २.८. सलाइनमधून पोटॅशियम-मॅग्नेशियम दिलं, तीन औषधं काढली, दोन दिवसांत ईसीजी जागेवर आला. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या जागी बरोबरच औषध दिलं होतं. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिली नव्हती, एवढंच.

आता ते ९५ ठोके. धडधड नेमकी कधी होते, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि इथूनच तर वाटा फुटतात. सकाळी उठल्या उठल्या, पहिली गोळी घेण्याआधी होते आणि गोळीनंतर तासाभरात थांबते? मग रात्रीतून गोळीचा अंमल उतरतोय आणि शरीर मागणी करतंय. जेवण लांबलं की घाम येऊन होते? मग ग्लिमेपिराइडने साखर उतरत असेल. ट्रॅमाडॉलनेही काही जणांची साखर उतरते, हे फारसं कुणाला माहीत नसतं. धडधड होत असतानाच बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर पाहा, नंतर पाहून उपयोग नाही. उठून उभं राहिल्यावर होते? मग बीपी पाहा : पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, उभं करून एका मिनिटाने आणि पुन्हा तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा जास्त पडला तर अंधारी का आली याचं उत्तर मिळालं. ही गोळी रक्तवाहिन्या थोड्या सैल करते, बीपीच्या गोळ्या आणखी करतात, वरून आपला उन्हाळा पाणी शोषून घेतो. आणि रात्री दचकून जाग येऊन होते का? तर मग श्वासाचं पाहावं लागेल. यांतलं काहीच जुळलं नाही तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घ्या. आपल्याकडच्या बायकांत धडधडीचं कारण कितीदा तरी हिमोग्लोबिन आठच निघतं आणि आपण हृदयाचे तज्ज्ञ शोधत फिरत असतो.

रात्रीचा श्वास हा या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. अफूवर्गी औषधं मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला सुस्तावतात. जागेपणी ते कळत नाही. झोपेत माणूस मध्येच श्वास घ्यायचा विसरतो, दहा-पंधरा सेकंद छाती हलत नाही, मग एकदम हुंदका दिल्यासारखा मोठा श्वास. दर वेळी रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि हृदयाला चाबूक बसल्यासारखा झटका मिळतो. महिनोन्‌महिने हे चाललं की बीपी वाढतं, ठोका अनियमित होण्याची शक्यता वाढते, उजव्या बाजूच्या हृदयावर ताण येतो. तुमच्या आईचा ट्रॅमाडॉलचा डोस मोठा नाही. त्या जोडगोळीत साधारण ३७.५ मिलिग्रॅम असतं, तीन गोळ्यांचे ११२, मॉर्फिनच्या हिशेबात वीस-पंचवीस मिलिग्रॅम. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची मार्गदर्शिका ५० च्या पुढे विशेष जपा म्हणते. पण सोबत क्लोनाझेपाम आहे आणि वजन ७८ आहे. अफूवर्गी गोळी आणि झोपेची गोळी या जोडीवर अमेरिकेत २०१६ पासून औषधाच्या माहितीपत्रकातच चौकटीत ठळक इशारा छापतात.

हे तपासायला लगेच नाशिक-मुंबईला धावायची गरज नाही. घरात कुणालातरी रात्री दोनच्या सुमारास उठवा. आईच्या उशाशी दहा मिनिटं बसा, मोबाइलवर छातीचा आणि आवाजाचा व्हिडिओ काढा. घोरणं मध्येच बंद पडतं का, किती सेकंद, मग कसं सुरू होतं. असा दहा मिनिटांचा व्हिडिओ मला कित्येक रिपोर्टांपेक्षा जास्त सांगून जातो. त्यात श्वास थांबलेला दिसला तर मग झोपेची तपासणी करून घ्या, आणि क्लोनाझेपाम कमी करण्याचं बोलणं ट्रॅमाडॉलच्याही आधी काढा.

आता नातेवाइकांच्या ‘आजच फेका’ वर येतो. दोन वर्षांपूर्वी सत्तरीच्या एका आजोबांना रात्री अकराला आणलं. आधी स्टेंट बसलेला, मणक्यासाठी चार वर्षं ट्रॅमाडॉल. मुलाने मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि गोळ्या मोरीत ओतल्या. तिसरा दिवस. शर्ट घामाने चिंब, बीपी १९०/११०, नाडी १२४, छातीत आवळल्यासारखं. घरचे अटॅक अटॅक म्हणून रडत होते. पण आजोबा सारखे जांभया देत होते, नाकातून पाणी गळत होतं, आणि त्या उकाड्यात दंडावर काटा उभा होता. अटॅकच्या पेशंटला सहसा अशा जांभया येत नाहीत. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) केलंच, ते सुदैवाने ठीक निघालं. गोळी पुन्हा सुरू केली, सकाळपर्यंत माणूस शांत.

गोळी अचानक तुटली की अंगातल्या ॲड्रिनलिनचा बांध फुटतो. तरुण माणूस चार दिवस तळमळून बरा होतो. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला तेवढ्यात खरंच अटॅक येऊ शकतो. म्हणजे सहा वर्षांत गोळीने जो धोका दिला नाही तो ती बंद करणाऱ्याने तीन दिवसांत दिला असता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये या अचानक बंद करण्याविरुद्ध वेगळा इशारा काढला तो उगाच नाही. ट्रॅमाडॉलचं आणखी एक आहे, ते निम्मं नैराश्याच्या औषधासारखं वागतं. त्यामुळे तुटलं की जीव घाबरा होणं, अंगात करंट गेल्यासारखं वाटणं हेही वर.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न येणार म्हणून : दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू जास्त होतात का? पाहण्यांमध्ये तसं दिसतं. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या रुग्णांचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये आला. दीर्घकाळ अंमल टिकणारी अफूवर्गी औषधं घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण दुसरी औषधं घेणाऱ्यांपेक्षा ६४ टक्के जास्त होतं, त्यात हृदयाचे मृत्यूही होते, आणि सुरुवातीच्या तीस दिवसांत फरक सगळ्यात मोठा होता. पण ती औषधं मॉर्फिन, मेथाडोन, फेंटानिलचे पॅच अशी होती, तुमच्या आईच्या गोळीपेक्षा बरीच जड. शिवाय जास्त दुखणाऱ्यालाच अशी औषधं मिळतात, तो चालत नाही, वजन वाढतं, शुगर वाढते. किती दोष गोळीचा आणि किती बसून राहण्याचा, हे वेगळं काढणं अवघड. मी हे आकडे पेशंटला घाबरवायला वापरत नाही, नवीन पेशंटला गोळी सुरू करताना स्वतःचा हात आखडायला वापरतो.

उलट बाजूचीही एक समजूत आहे. सातपुड्यापलीकडून येणारे काही जण सांगतात की थोडी अफू घेतली की हृदय मजबूत राहतं, शुगर आटोक्यात राहते. इराणमध्येही हीच समजूत. तिथल्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजार माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, निकाल २०१२ मध्ये आला : अफू घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळपास पावणेदोन-दोन पट, हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांतही तसंच. तेव्हा ते नकोच.

मग ट्रॅमाडॉल काढून डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक द्यावं का? बहुतेक घरांत हेच होतं, आणि मला याची जास्त धास्ती वाटते. रोज मोठ्या डोसमध्ये डायक्लोफिनॅक घेतलं तर हृदयाच्या मोठ्या घटना साधारण एक-तृतीयांशाने वाढतात असं २०१३ च्या मोठ्या विश्लेषणात दिसलं. तुमच्या आईच्या बाबतीत तर वेगळाच सापळा आहे : टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वरून डायक्लोफिनॅक हे त्रिकूट उन्हाळ्यात किडनी बसवतं. मी दर मे महिन्यात एक-दोन तरी पाहतो. गोळीऐवजी डायक्लोफिनॅकचं जेल लावा, त्यातून रक्तात फार थोडं जातं.

आता गोळी कमी करायची का? हो, करावी असं माझं मत आहे. कारण हृदय नाही, कारण ती आता फारशी उपयोगाची नाही. कंबर आणि गुडघ्याच्या जुन्या दुखण्यावर अफूवर्गी गोळ्या वर्षभर दिल्या तरी साध्या औषधांपेक्षा सरस ठरल्या नाहीत, हे २०१८ मध्ये अमेरिकेत २४० रुग्णांवर नीट तपासून झालंय. आई म्हणते ‘गोळी घेतली की चुलीपाशी बसता येतं’, त्यात गोळीचा अंमल उतरल्यावर होणारी तडफड थांबल्याचाही भाग असतो. पण घाई नाही. वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांसाठी महिन्याला दहा टक्के किंवा त्याहून हळू, असा दंडक आहे. जोडगोळीत एवढं बारीक मोजता येत नाही, म्हणून मी दुपारच्या गोळीतली अर्धी कमी करून पाच-सहा आठवडे थांबतो. ठीक वाटलं तर उरलेली अर्धी. रात्रीची सगळ्यात शेवटी. लांब अंमलाची गोळी असेल तर मात्र ती अर्धी करायची नसते, पट्टीवर पाहून घ्या. मध्ये एखादा महिना अडला तर अडू द्या, मागे जायचं नाही एवढंच. सोबत पॅरासिटामॉल कमी होतंय ते वेगळं भरून द्यावं लागतं, नाहीतर गोळी कमी केली म्हणून दुखलं असं वाटतं.

त्या काळात मांडीचे स्नायू तयार करायचे. खाटेवर पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, गुडघा खाली दाबायचा, दहा मोजायचे. सकाळ-संध्याकाळ वीस वेळा. संडासात कमोड बसवा, हे सगळ्या औषधांच्या वर. कुंथण्याचाही प्रश्न त्यात येतो. या गोळीने कोठा जड होतो, म्हातारी माणसं कुंथतात आणि मोरीतच चक्कर येऊन पडतात. इसबगोल देऊ नका, पाणी कमी पडलं की तो आतच लगदा होऊन बसतो. लॅक्टुलोजसारखं पातळ औषध बरं.

एक अपवाद मोठ्याने सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत कॅन्सरच्या पेशंटचे घरचेही असतील. तिथे मॉर्फिन हृदयाच्या भीतीने अडवू नका. ते व्यवस्थित दिलं तर माणूस शांत झोपतो, जेवतो, बोलतो. ते मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायदाही बदलला आहे. वर लिहिलेला सगळा हिशेब गुडघे-कंबरेच्या जुन्या दुखण्याचा आहे.

थांबायचं नाही, लगेच निघायचं, अशा वेळा या : धडधडीसोबत शुद्ध हरपणं, छातीत दाब, हाक मारूनही जागी न होणं, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. १०८ ला फोन करा आणि गोळ्यांची पिशवी सोबत घ्या. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही डॉक्टरांना आजच सांगून ठेवा.

राहता राहिली आखाजी. पाठवा. वर्षातून एकदा माहेरी जाणाऱ्या बाईला घरी अडवून ठेवलंत तर धडधड वाढेलच. रक्ताचे रिपोर्ट मात्र त्याआधी करून घ्या. दुपारची एसटी नको, पहाटेची. ताक-सरबत पीत राहू दे, बीपीच्या लघवीच्या गोळीचं उन्हाळ्यापुरतं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, अमळनेरचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देणार नाही. म्हणून दिवस मोजून गोळ्या आणि वर दोन दिवसांच्या जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट पर्समध्ये. जुलाब-उलटी झाली आणि तिथल्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर आधी तुमचा तो पाच पट्ट्यांचा फोटो दाखवायला सांगा. आणि झोक्यावर बसायचं म्हणाली तर बसू द्या. उतरताना मात्र भाचीला हात धरायला सांगा, आणि मिनिटभर तिथेच उभं राहून मग चालायचं.